तपासणी आली की आम्ही तिला जागेवर बसवतो

‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा अहवाल आला की दोन-तीन दिवस वर्तमानपत्रांत आम्हा शिक्षकांची वरात निघते. पाचवीतल्या इतक्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, इतक्यांना भागाकार जमत नाही, आणि अग्रलेखाची शेवटची ओळ ठरलेली: शिक्षकांनी आत्मपरीक्षण करावे. पुढच्या बैठकीत साहेब तेच ऐकवतात, ग्रामसभेत एखादा सदस्यही तेच ऐकवतो. मला याचा राग येत नाही. मुलाला वाचता येत नसेल तर बाईंना नाही विचारायचं तर कुणाला? पण हे आत्मपरीक्षण करायचं कधी, कुठे बसून, कुणाच्या सोबतीनं, हे कुणी सांगत नाही. रात्री दिवा मालवल्यावर शिक्षकानं उशीत तोंड खुपसून करायची ही गोष्ट आहे, असाच सगळ्यांचा समज दिसतो.

मी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. माझं मत सरळ आहे. एकट्यानं डोळे मिटून बसलं की शिक्षकाला स्वतःबद्दल फारसं काही कळत नाही, कारण स्वतःची वकिली आपण सगळेच झकास करतो. आपल्याच वर्गातल्या मुलाला दुसरं कुणी शिकवतंय आणि आपण जवळ बसून ते पाहतोय, असं घडलं की कळायला लागतं. ते घडावं म्हणून शाळेचं वेळापत्रक तसं बेतावं लागतं. शिक्षकाचं मन थोर असून भागत नाही.

हा विचार माझ्या डोक्यात घट्ट बसला तो सियालदहमुळे.

खानापूरच्या बाईचा कोलकात्याशी काय संबंध, असं आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला वाटेल. आमच्याकडे कुणाला वाटणार नाही. विटा, आटपाडी, कवठे महांकाळ या पट्ट्यातली माणसं दुष्काळाला कंटाळून गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभर पांगली. जुने दागिने वितळवायचे, आम्लात घालून शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची, असं ते काम. कोइमतूर असो की कानपूर, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरलात की आमच्या तालुक्याचं माणूस भेटतं. आता टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलंय, पण ज्यांचं तिकडे बस्तान बसलं ते कशाला परततात! माझा धाकटा भाऊ कोलकात्यात बौबाजारला आहे. २०१९ च्या ऑगस्टअखेर मेट्रोच्या बोगद्याचं काम चालू असताना घरं खचली, तोच भाग. बौबाजारच्या रस्त्यानं सरळ चालत राहिलं की माणूस सियालदह स्टेशनला पोचतो.

स्टेशन म्हणजे नुसता माणसांचा लोंढा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं याच फलाटांवर संसार मांडून राहिली होती. तिथून जवळ, आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर, लोरेटो डे स्कूल आहे. मुलींची, इंग्रजी माध्यमाची, १८५७ सालची कॉन्व्हेंट शाळा. भावाकडे गेले होते तेव्हा ती बाहेरून पाहिली; सुट्टी असल्यानं फाटक बंद होतं. भावजय म्हणाली, “आक्का, ही सिस्टर सिरिलची शाळा. रस्त्यावरच्या पोरांना आत घेणारी.” तेव्हापासून मी त्या बाईंबद्दल मिळेल ते वाचत आले.

सिस्टर सिरिल मूनी आयर्लंडमधल्या ब्रे गावच्या, १९३६ चा जन्म. १९५६ साली भारतात आल्या त्या इथल्याच झाल्या. २०२३ च्या जूनमध्ये कोलकात्यातच गेल्या. १९७९ ते २०११ एवढा काळ त्या सियालदहच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आल्या तेव्हा शाळेत आठशेच्या आसपास मुली होत्या आणि त्यातल्या जेमतेम ९० बिनफीच्या. पुढच्या वीसेक वर्षांत शाळा सुमारे १४०० मुलींची झाली आणि त्यातल्या निम्म्या बिनफीच्या. फी भरणारीच्या बाकावर झोपडपट्टीतली मुलगी. खासगी शाळांत गरीब मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचा कायदा आपण २००९ साली केला आणि त्यावरून अजून कोर्टकचेऱ्या चालू आहेत, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या निम्म्याचं वजन कळतं.

मला मात्र जास्त मोलाचं वाटतं ते १९८५ साली सुरू झालेलं ‘रेनबो’. फाटकाबाहेर, फुटपाथवर, स्टेशनात राहणाऱ्या मुलांना शाळा खुली झाली. ही मुलं कचरा वेचणारी, भावंडं सांभाळणारी, चार पैसे कमावणारी. अकराच्या ठोक्याला रांगेत उभी राहणं त्यांना शक्यच नव्हतं. मग नियम असा झाला की मूल केव्हाही यावं, जमेल तेवढा वेळ बसावं, आणि आलं की त्याच्या वाट्याला एक शिकवणारं माणूस असावं. एकास एक. एवढी माणसं आणायची कुठून? तर शाळेतल्या पाचवीपासून पुढच्या मुली. त्यांच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचे तास होते. आपल्याकडे त्या तासाला कागदी फुलं होतात आणि बऱ्याचदा गणिताचा राहिलेला धडा होतो. सियालदहला त्या तासात मुली शिकवत होत्या. रेनबोतलं मूल तयार झालं की त्याच्या वयाला साजेशा वर्गात, नेहमीच्या शाळेत त्याची सोय लावायची. याशिवाय दर गुरुवारी मोठ्या मुली शहराबाहेरच्या खेड्यांतल्या शाळांत शिकवायला जात, ते वेगळंच. या सगळ्या कामासाठी शाळेला १९९४ साली युनेस्कोचा नोमा पुरस्कार मिळाला आणि सिस्टरना २००७ मध्ये पद्मश्री.

या हकिकती लिहिणारे बहुतेक जण रस्त्यावरच्या मुलांबद्दल लिहितात, थोडे जण त्या शिकवणाऱ्या मुलींबद्दल. माझ्या मनात सारखी येते ती तिसरीच व्यक्ती. त्या मुलींची वर्गशिक्षिका. कल्पना करा, सातवीतली एक मुलगी भूगोलात जेमतेम पास होणारी, वर्गात कधी हात वर न करणारी. रेनबोच्या तासाला ती वरच्या मजल्यावर जाते आणि दहा मिनिटं एका जागी न बसणाऱ्या पोराला अर्धा तास गुंतवून ठेवते. बाई ते दारातून पाहतात. आता त्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्गात सहभाग कमी’ असं लिहिताना त्या बाईंचा हात अडखळणार की नाही? कुणी व्याख्यान न देता, प्रशिक्षण न घेता, तो अडखळण्याचा क्षण त्या शाळेनं रोजच्या रोज शिक्षकांपुढे आणून ठेवला. माझ्या लेखी सिस्टर सिरिल यांचं खरं डोकं इथे आहे.

“आमच्या मुली शिकायला पाठवल्यात की शिकवायला?” असा प्रश्न फी भरणाऱ्या कुठल्याही पालकाच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. मुलांच्या खांद्यावर मोठ्यांचं काम टाकू नये हे खरंच. पण सियालदहचं काम शाळा सुटल्यावरचं नव्हतं, वेळापत्रकात धरलेलं होतं, आणि शिकवणारीला त्यातून काही मिळतं हे गृहीत धरून आखलेलं होतं. शिवाय हा प्रश्न विचारण्याआधी आपण आपल्या शाळांत डोकावावं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग. पोषण आहाराची नोंद, शालार्थ आणि यू-डायसवर माहिती भरणं, त्यात एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामावर गेला की दुसऱ्याकडे सगळी शाळा. अशा वेळी चौथीतली पोर पहिलीला पाढे म्हणायला बसवते, तिसरीतली गोष्ट वाचून दाखवते. महाराष्ट्रातल्या हजारो शाळा अशाच चालतात. फरक इतकाच की विस्तार अधिकाऱ्यांची गाडी दिसली की आम्ही त्या पोरीला तिच्या जागेवर बसवतो आणि फळ्याशी उभे राहतो. जी गोष्ट सियालदहनं वेळापत्रकात लिहून काढली, ती आपण लपवून करतो. लपवल्यामुळे तिच्यातून शिकायचं राहून जातं.

मागे आमच्याकडे तिसरीत एक मुलगा वर्षाच्या मध्येच आला. वडील कोलकात्यात गलाईत, आजी आजारी म्हणून आई त्याला घेऊन गावी आलेली. अशी मुलं आमच्याकडे नेहमी येतात, कोइमतूरहून येणारी तमिळ घेऊन, कानपूरहून येणारी हिंदी घेऊन. या पोराचं मराठी घरातल्यापुरतं, बाकी हिंदी-बंगालीची मिसळ. वाचायला उभं केलं की गप्प. कुणी हसलं की मारायचं. आठवडाभरात तो ‘वांड’ ठरला, मुलांत आणि गावातही. मी त्याला चौथीतल्या एका मुलीशेजारी बसवलं आणि दुसऱ्या वर्गाच्या वह्या तपासत त्यांच्याकडे कान ठेवला.

तिनं पहिली गोष्ट ही केली की वर्गाकडे पाठ करून बसली आणि त्यालाही तसंच बसवलं. म्हणजे हसणारी तोंडं दिसायला नकोत. आम्ही मुलांना शब्दाखाली बोट ठेवून वाचायला सांगतो. ती स्वतःचं बोट ठेवायची, त्याचे हात मोकळे. अडला की ती काहीच बोलायची नाही. खूप वेळ. मला इतकी घाई व्हायची की तोंडातून शब्द निघेल असं वाटायचं. मग तो बोलायचा, चूक बोलला तरी ती पुढचा शब्द घ्यायची, आणि ओळ संपल्यावर मागे यायची. मी डी.एड.ला ‘अध्यापन पद्धती’त जे पाठ केलं त्यात यातलं काहीच नव्हतं. तिला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, “बाई, मला पण असंच वाटायचं.”

पोराची मारामारी त्या दिवशी थांबली नाही. हळूहळू कमी झाली, मग दिवाळीत ते परत कोलकात्याला गेलं. सांगायचंय ते एवढंच की तो मारायचा तेव्हा नेमकं आधी काय झालेलं असायचं, हे मला त्या पोरीच्या बसण्यावरून उमगलं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी केली, ते योग्यच झालं. पण छडी बाजूला ठेवल्यावर त्या हातानं काय करायचं, हे कायदा सांगू शकत नाही. एका दहा वर्षांच्या मुलीनं सांगितलं.

तिच्या त्या गप्प राहण्याचा पुढे एका पुस्तकात पत्ता लागला. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या सुमारास शाळांतल्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी किती थांबतात? सरासरी जेमतेम एक सेकंद. तेच थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं तर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते ती मुलंही बोलू लागली. तीन सेकंद! याला ना निधी लागतो ना शासन निर्णय. पण आपण एक सेकंदच थांबतो हे आपल्याला आतून कधी कळत नाही, कारण बोलणाऱ्याला आपण पुष्कळ थांबलो असंच वाटत असतं. मोबाइल खिशात आहेच. मुलांचे व्हिडिओ काढून स्टेटसला टाकण्याऐवजी कधी स्वतःच्या तासाची दहा मिनिटं नुसता आवाज भरून घ्यावा आणि घरी एकट्यानं ऐकावा. त्याच त्या तीन-चार मुलांची नावं आपण पुकारतो, हे ऐकायला येतं. ऐकून झालं की पुसून टाकावा, गटावर टाकू नये.

आता शासनाची बाजू. आत्मपरीक्षण शासनालाही हवंच असतं, म्हणून २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम होती. नुसते गुण न देता मुलाबद्दल शिक्षकानं आपल्या शब्दांत लिहायचं, म्हणजे लिहिण्यासाठी त्याच्याकडे नीट बघायचं. झालं काय, तर बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग त्यांच्या पीडीएफ आल्या. ‘स्वच्छतेबाबत जागरूक राहतो’, ‘गटकार्यात सहभाग घेतो’. एका गावचा मुलगा दुसऱ्या तालुक्यात गेला तरी त्याची नोंद आधीच तिथे पोचलेली असते, दुसऱ्या कुणाच्या नावावर. यासाठी मी शिक्षकांना एकट्याला दोष देणार नाही. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी ठरलेल्या तारखेला भरून द्यायच्या असतील तर माणूस तयार माल शोधणारच. म्हणूनच आत्मपरीक्षणासाठी नवा रकाना काढा अशी सूचना कुणी केली की मला धडकी भरते. रकाना निघाला की आठवड्यात त्याची पीडीएफ येईल: ‘मी माझ्या अध्यापनात सकारात्मक बदल केला.’

शिक्षक खरोखर बदलला की रकान्यात काही दिसत नाही, शाळेची मांडणी बदलते. आपल्याकडे याचं अस्सल उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती कारण ती गुरं राखायला जात. एखाद्यानं हजेरीपटावर गैरहजर लिहून पालकांच्या अडाणीपणावर भाषण केलं असतं. या दोघींनी कुरणात शाळा नेली. गुरं चरताहेत तिथेच मुलं शिकताहेत. मूल येत नाही या वाक्याऐवजी शाळा चुकीच्या जागी आहे हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं, आणि ते तोंडी राहिलं नाही.

१९८५ हे साल आणखी एका कारणानं माझ्या लक्षात राहिलं आहे. सियालदहला रेनबो सुरू झालं त्याच वर्षी कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी ‘सृजन आनंद विद्यालय’ काढलं. लीलाताईंची हयात शिक्षकांना शिकवण्यात गेलेली. ते काम सुटल्यावर आराम करण्याऐवजी त्यांनी लहान मुलांची शाळा काढली, आणि त्यांची पुस्तकं वाचली की दिसतं, वर्गात घडलेल्या बारीकसारीक गोष्टी त्या किती बारकाईनं पाहत होत्या. शिक्षकांना धडे देणाऱ्या व्यक्तीनं परत मुलांच्या घोळक्यात जाऊन बसणं, हे मला आमच्या प्रशिक्षणांत कुठेच दिसत नाही. तिथे तज्ज्ञ मार्गदर्शक स्लाइड दाखवतात, आम्ही हॉलमध्ये बसतो, आणि मुलं बिचारी त्या दिवशी सुट्टीवर.

साने गुरुजींचाही आपण असाच सोयीस्कर वापर करतो. त्यांनी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या झाडल्या हे ५ सप्टेंबरला सांगायचं आणि डोळे पुसायचे. याच गुरुजींनी त्या मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ रोज हातानं लिहून काढलं. आपल्या मुलांना आज काय सांगावं, याचा रोज लेखी विचार करणारा माणूस तो. झाडूपेक्षा हे अवघड आहे, म्हणून कमी सांगतात.

उलट बाजूही मांडायला हवी. सियालदहची शाळा मिशनरी संस्थेची होती, तिला बत्तीस वर्षं एकच मुख्याध्यापिका लाभली. आमच्याकडे बदल्यांचं चक्र आहे, एका गावात मुलांची नावं पाठ होतात तोवर पुढच्या गावाचा आदेश येतो. कायद्याचं २७ वं कलम शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं द्या म्हणतं. प्रत्यक्षात गावात कसलंही सर्वेक्षण निघालं की पहिला निरोप शाळेत येतो. ज्याचा वेळ काढून घेतला त्यालाच तू स्वतःचा विचार का करत नाहीस म्हणून विचारणं हा कोडगेपणा आहे. तेव्हा सिस्टर सिरिल यांचं नाव घेऊन शिक्षकांना टोमणे मारायला या लेखाचा उपयोग कुणी करू नये.

पण एक गोष्ट आहे त्या व्यवस्थेतच करता येईल. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते. आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, परिपत्रकांचं वाचन होतं, प्रलंबित माहितीची यादी होते, चहा होतो. माझं म्हणणं, परिषदेचा एक तास मुलं वर्गात असताना घ्यावा. एका शिक्षकानं नेहमीचा पाठ घ्यावा, किंवा वर्गातल्या मोठ्या मुलीनं धाकट्यांना शिकवावं, आणि आलेल्या प्रत्येकानं एकेक मूल वाटून घेऊन फक्त त्याच्याकडे बघावं. शिकवणाऱ्याकडे बघायचंच नाही. ते मूल कधी खिडकीबाहेर गेलं, कधी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं, कुठल्या क्षणी त्याचा चेहरा उजळला. नंतर अर्धा तास त्यावर बोलावं. जपानमधल्या प्राथमिक शाळांत शिक्षक शंभराहून अधिक वर्षं असे पाठ एकत्र बसून पाहत आले आहेत. डी.एड.ला असताना आम्ही मैत्रिणी एकमेकींच्या पाठाला मागच्या बाकावर वही घेऊन बसायचो, तेव्हा त्यात लाज वाटत नव्हती. नोकरी लागली आणि आमच्या वर्गात मोठं माणूस येणं म्हणजे तपासणी, एवढाच अर्थ उरला.

ही कल्पना मी केंद्रप्रमुखांपुढे मांडली. माणूस भला आहे, स्वतःही चांगला शिक्षक होता. म्हणाले, “बाई, कल्पना छान आहे. निरीक्षणाचं प्रपत्र किती रकान्यांचं ठेवायचं?” मी म्हटलं, एकच, मुलाचं नाव. ते थोडा वेळ विचारात पडले. “आणि गुण कुठे लिहायचे?” गाडी सध्या तिथे अडली आहे. पुढची परिषद आमच्या शाळेत आहे, आणि हा विषय त्यांनी पत्रिकेवर घेतला आहे, यू-डायसच्या आढाव्यानंतर, वेळ उरल्यास.